पेपरवरचं पहिलं नाव

११ जानेवारी

आला एकदाचा! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, माझ्या स्फटिकाला आठच आली. आठ वेळा कांडी भट्टीत तुटली, नवव्यांदा टिकली. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत मी भट्टीच्या खिडकीला डोळा लावून बसले होते. चार दिवे, चार आरसे, सगळा उजेड एका बिंदूवर, तिथे वितळलेला एक थेंब, आणि तो थेंब तासाला पाच मिलिमीटरने पुढे सरकतो. त्याच्या मागे जमतो तो स्फटिक. काळा, करंगळीएवढा, दिसायला कोळशासारखा. नवरा म्हणाला, "यासाठी डबा न खाता परत आणलास?"

डायरी नवी आहे, लेकीने वाढदिवसाला दिली, तेव्हा तिला घरची ओळख करून देते. लेक अकरा वर्षांची, सगळ्यात शहाणी. नवरा शाळेत गणित शिकवतो, घरात मात्र फक्त वजाबाकी करतो. ताई म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या बहीण, आणि आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखही. तिथे मी त्यांना मॅडम म्हणते, घरी ताई. त्यांची आई गेली तेव्हा नवरा आठ वर्षांचा होता. ताईंनीच त्याला लहानाचं मोठं केलं. मला इथे आणलं तेही त्यांनीच.

आणि मी. वय एकोणचाळीस. माझं नाव दुसरं, तिसरं, सातवं असलेले अकरा पेपर, म्हणजे शोधनिबंध, आहेत. पहिलं असलेला एकही नाही. एप्रिलअखेर माझं कंत्राट संपतं आणि कायम व्हायचं तर पहिल्या नावाचा एक पेपर लागतो. तो या कोळशातून निघायचा आहे.

२ मार्च

क्ष-किरण केंद्रात. सहा महिन्यांतून एकदा पाच दिवस मिळतात, त्यातला पहिला वाया गेला. दोष माझाच. तांदळाच्या दोन दाण्यांएवढी पट्टी कापून आणली होती, ती नेहमीप्रमाणे मऊ ग्रीसवर बसवली. थंड करता करता घसरली. किरण पट्टीवर पडायचे ते खालच्या तांब्याच्या बैठकीवर पडत राहिले आणि आम्ही चार तास तांब्याचा अभ्यास केला.

इथले यंत्र सांभाळणारे गृहस्थ बोलताना माणसाकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. मी त्यांचं नाव घड्याळकाका ठेवलंय. म्हणाले, "बाई, तुमचे चार तास गेले." जसं काही मला मोजता येत नाही!

दुपारी पट्टी काढून सरळ कडक गोंदाने चिकटवली. दोन ट्यूबा, एक काडी, पाच मिनिटं. आता घसरून दाखव म्हणावं. वहीत तसं लिहून ठेवलं. घड्याळकाकांनी मान वाकडी करून गोंदाकडे पाहिलं आणि "हं" म्हणाले. उंटावरचा शहाणा.

४ मार्च

घाईत लिहितेय, अक्षर खराब येणार.

लेकीला जसं समजावलं होतं तसंच लिहिते. या पदार्थात अणूअणूला एक चिमुकलं चुंबक असतं. थंडीत, उणे दोनशे शेहेचाळीस अंशांच्या खाली, ही चुंबकं ओळीने थोडी थोडी वळत जातात, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी. कुठे जिना उजवा, कुठे डावा. कुठला ते ठरवते वीज. थंड करताना एका बाजूने वीज लावली की सगळा स्फटिक उजवा, उलट लावली की सगळा डावा. वीज आणि चुंबक एकाच घरात नांदतात आणि एकमेकांचं ऐकतात, हीच त्याची करामत. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. पण गोल फिरकी दिलेले क्ष-किरण टाकले की उजव्या आणि डाव्या भागांचा उजेड वेगळा परत येतो. बिंदू बिंदू करत पट्टीचा नकाशा काढायचा.

आज वीज न लावता थंड केलं. उजवं-डावं कसंही विखुरलेलं दिसायला हवं होतं. दिसली एक सरळ रेघ, अलीकडे सगळं उजवं, पलीकडे सगळं डावं. तापवून पुसून टाकलं, पुन्हा थंड केलं. रेघ तिथेच. आठ वेळा पुसलं, आठही वेळा रेघ त्याच जागी. पुसल्यावरही स्फटिकाला आठवतं! असं कुणी पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

घड्याळकाका नकाशाकडे बराच वेळ बघत राहिले. पहिल्यांदाच घड्याळ विसरले. मग म्हणाले, "घरी गेल्यावर गोंदाशिवाय एकदा करून बघा." कौतुक म्हणून एक शब्द नाही. माणसाच्या पोटात दुखतं ते असं.

७ मार्च

ताईंना नकाशे दाखवले. त्यांनी मला मिठीच मारली, मॅडम-बिडम विसरून. म्हणाल्या, "लिहायला घेऊ या लगेच. वही दे."

संगणकातल्या फायलींना नुसते क्रमांक असतात, सहाशे बारा, सहाशे तेरा. कुठली फाईल किती थंडीतली, वीज लावून की न लावता, हे फक्त माझ्या वहीत, माझ्या किरट्या अक्षरात. वहीशिवाय त्या फायली म्हणजे चिठ्ठ्या उडालेल्या बरण्या. मी म्हटलं, "ताई, एक पडताळा बाकी आहे. महिनाभरात करते, मग वही काय, पेपरच लिहून देते."

"महिना?" त्या म्हणाल्या. "वीस एप्रिलला संस्थेच्या संचालकांची निवड आहे, मीही रांगेत आहे. त्याआधी पेपर गेलेला बरा."

"कच्चं कसं पाठवायचं?"

"बरं बाई, तू म्हणशील तसं." हसल्या. किती समजूतदार आहेत. दुसरं कुणी असतं तर वही हिसकावली असती.

८ मार्च

नवरा म्हणतो, देऊन टाक ना वही, एवढं काय सोनं आहे त्यात. मी म्हटलं, सोनंच आहे.

१९ मार्च

चार दिवस तापाने अंथरुणात. पडल्या पडल्या जमेल तेवढं करू म्हणून वही घरी आणली होती, पण डोळे उघडत नव्हते. नवऱ्याने रजा घेतली. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल आपणहून विचारलं. उशाशी बसून वही उघडली, "हा बाण म्हणजे काय? या गोल केलेल्या ओळी म्हणजे वीज न लावलेल्या का?" मी तापातच भडाभडा सगळं सांगितलं. पानामागून पान. तो एकेक ओळ समजून घेत होता, मध्येच कागदावर टिपून घेत होता. म्हणाला, "गणितवाल्याला मजा येते यात." मला रडूच आलं. मग म्हणाला, "झोप आता, मी आहे."

कधी कधी वाटतं, माणसाला आजारी पडल्याशिवाय आपलं माणूस कळत नाही.

३० मार्च

बरी आहे. वहीत एक चूक सापडली. सत्तेचाळिसाव्या पानावर थंडी चुकीच्या रकान्यातून उतरवली होती. केंद्राच्या नोंदींशी ताडून खोडलं आणि दुरुस्त केलं. सहा खाडाखोडी झाल्या.

९ एप्रिल

संपलं. पेपर नाही, काही नाही.

स्फटिकाचा उरलेला तुकडा आमच्याकडे तपासला. नकाशा इथे काढता येत नाही, पण थंड करताना कुठल्या बाजूची वीज जमते ते मोजता येतं. कडक गोंदाने चिकटवला, आठ वेळा तीच बाजू. तोच तुकडा सोडवून ग्रीसवर ठेवला. काही नाही. कधी इकडे चिमूटभर, कधी तिकडे. पुन्हा गोंद, पुन्हा तीच बाजू. थंडीत गोंद आवळतो, पट्टी केसभर वाकते, आणि वाकल्यामुळे जिना कुठे वळायचा ते ठरतं. स्फटिकाला काहीही आठवत नव्हतं. चिमटा बसला तिथे ओरडत होता, एवढंच.

करायला गेले एक. एक दिवस वाचवायला कडक गोंद वापरला आणि सहा महिने घालवले. पुन्हा मोजायचं तर केंद्रातले दिवस सप्टेंबरमध्ये, आणि माझं कंत्राट या महिन्यात संपतंय.

ताईंना सांगायचं धाडस होईना. फक्त नवऱ्याला सांगितलं, स्वयंपाकघरात, भांडी घासता घासता. त्याने नळ बंद केला. म्हणाला, "नक्की का? म्हणजे पेपरात हे चालणारच नाही?" मी म्हटलं, पेपर आहे कुठे? मग तो एक चक्कर मारून येतो म्हणाला आणि फोन घेऊन गेला. पाऊण तासाने आला. बिचाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त लागलंय.

१२ एप्रिल

माझ्या डोक्यात घण बसताहेत. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी केंद्रातून घड्याळकाकांचा फोन. "पेपरमध्ये आमच्या केंद्रातल्या दोघांची नावं घातल्याबद्दल आभार मानायचे राहिले होते."

"कुठला पेपर?"

"अठ्ठावीस मार्चला पाठवलेला. तुमच्या आठवणीच्या स्फटिकाचा."

त्यांनी प्रत पाठवली. माझे नकाशे, माझी रेघ. पहिलं नाव ताईंचं, आणि माझं नाव तिसरं. दुसरं कुणाचं, तर ज्याने ही पट्टी कधी हातातसुद्धा धरली नाही अशा प्रयोगशाळेतल्या एका माणसाचं!

आणि त्यात सत्तेचाळिसाव्या पानावरची चुकीची थंडी, जशीच्या तशी. जी मी तीस तारखेला खोडली ती. म्हणजे कुणीतरी त्याआधीच माझी वही पाहिली. कुणी? मी घड्याळकाकांवर तुटून पडले. वही केंद्रात पाच दिवस टेबलावर उघडी असायची, तुम्हीच फोटो काढून मॅडमना पाठवले असणार, असं फोनवर तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "बाई, आमच्या नोंदीत थंडी बरोबर आहे. मी चुकीची कशाला उतरवीन?" आणि फोन ठेवला. चोराच्या उलट्या बोंबा!

पण ताई. ताईंनी हे करावं? ज्यांच्या पायाशी बसून मी शिकले त्यांनी? रागावावं म्हटलं तर राग कुठून सुरू करायचा तेच कळत नाही. केसाने गळा कापला, आणि मला पंधरा दिवस पत्ता नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मी बोलतो तिच्याशी."

१५ एप्रिल

काल रात्रीपर्यंत जे वाटत होतं ते आज वाटत नाही. लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला लाजवता येईल.

संध्याकाळी नवरा ताईंना घेऊन आला. त्या सोफ्यावर बसल्या आणि ढसढसा रडल्या. म्हणाल्या, "निवडीच्या धास्तीने मला काही सुचेना गं. वही उघडी दिसली, मोह झाला. पण तुझं ते तुझंच." पिशवीतून फॉर्म काढला. पेपरवरचं पहिलं नाव माझं! शिवाय संपादकांशी पत्रव्यवहारही माझ्याच नावाने. त्यांचं नाव सगळ्यात शेवटी.

मी गोंदाचं सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात धरला. "आज कामाचं काही बोलायचं नाही. आता पेपर तुझा, काय दुरुस्त करायचं ते तूच कर. परीक्षकांना उत्तरं तूच दे."

किती मोठ्या मनाचं बोलणं. मी सही केली. खाली तारीख घालायची राहिली तर त्या म्हणाल्या, "राहू दे, मी घालते."

आईला फोन केला. ती म्हणाली, "हिसकावून घेतलेलं आपणहून परत देतात होय कुणी?" आईचा स्वभावच संशयी. नणंद म्हटलं की तिला काट्यासारखं टोचतं.

गोंदाची दुरुस्ती लिहायला घेतलीय. पेपर पूर्ण बदलेल, पण 'गोंदाने स्फटिक कसा फसवतो' हाही पेपर होऊ शकतो की. आणि पहिलं नाव माझं.

२० एप्रिल

ताई संचालक झाल्या. मी फुलं घेऊन गेले. त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून "आमचा हा नवा पेपर हिचा बरं का, सगळी जबाबदारी हिनेच उचललीय" असं सांगितलं. टाळ्या वाजल्या. नवरा मागच्या रांगेत उभा होता, त्याने नाही वाजवल्या. त्याला गर्दीत अवघडल्यासारखं होतं.

२२ एप्रिल

घड्याळकाकांचं पाकीट आलं. आत फक्त तीन कागद, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही.

पहिला कागद, परीक्षकांचा प्रश्न: नमुना कशाने चिकटवला होता? कडक गोंद असेल तर हा सगळा परिणाम गोंदाचा नाही कशावरून? आलेला दहा एप्रिलला, ताईंच्या नावे, प्रत सगळ्या सहलेखकांना. माझा पत्ता यादीत आमच्या जुन्या, बंद पडलेल्या ईमेल-खात्याचा. बारा तारखेला प्रतीवर तोच पत्ता पाहिला तेव्हा ती चूक आहे असं मला वाटलं होतं.

दुसरा, ताईंचं अकरा तारखेचं उत्तर. नमुना चिकटवण्याचं काम माझं. गोंदाबद्दलची शंका मला होती, नऊ तारखेला मी ती प्रयोगाने पक्की केली, पण गटाला कळवलं नाही. त्या स्वतः या प्रकाराने व्यथित आहेत. पेपरची मुख्य लेखिका वास्तविक मीच असल्याने यापुढे खुलासा मीच करीन.

तिसरा, माझ्या सहीचा फॉर्म. तारीख दहा मार्च, ताईंच्या अक्षरात, म्हणजे पेपर पाठवायच्या आधीपासूनच सगळी जबाबदारी माझी होती असं दिसावं.

म्हणजे पंधरा तारखेला ज्या रडल्या, त्यांनी अकरालाच माझ्या गळ्यात लोढणं बांधलं होतं. फक्त गळा माझ्याकडून हसत हसत पुढे करून घ्यायचा होता. आणि मी केला! फुलंसुद्धा नेली!

हे तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना 'नऊ तारखेला' या शब्दांवर डोळे अडकले. नऊ तारखेला मी प्रयोगशाळेत एकटी होते. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त स्वयंपाकघरात.

वही तरी कुठे उघडी होती? प्रयोगशाळेत ती कायम कुलपात. घरी आणली होती ती फक्त तापात.

लेक शाळेतून यायच्या आत त्याला विचारलं. "वहीचे फोटो तू काढलेस?"

तो खुर्चीत बसला. "तू झोपली होतीस."

"आणि गोंदाचं?"

"मला वाटलं तिला कळलं तर ती पेपर थांबवेल. तुझ्या भल्यासाठीच." मग म्हणाला, "तिने मला वाढवलंय गं. तिने मागितलं आणि मी नाही म्हटलं असं कधी झालं नाही."

"तिने माझं नाव मागितलं."

"मला वाटलं, नाव घरातच राहील."

मी त्याच्यावर ओरडले, वाट्टेल ते बोलले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हटलं. सगळ्यात वाईट काय असेल तर तो ताप नव्हे, ते फोटोही नव्हेत. उशाशी बसून त्याने विचारलेला तो एकेक प्रश्न. मी किती हरखून उत्तरं दिली.

२३ एप्रिल

संपादकांना पत्र पाठवलं. नमुना मी चिकटवला, गोंद माझी निवड, गोंदाची तपासणी सोबत जोडली आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. मला न विचारता पेपर कधी पाठवला गेला आणि फॉर्मवर मी खरी सही कुठल्या तारखेला केली तेही लिहिलं. शेवटी: पहिलं नाव आणि पत्रव्यवहार दोन्ही माझ्याकडे असल्यामुळे मी हा पेपर मागे घेत आहे. हा अधिकार ताईंनीच दिला होता. त्यांना वाटलं असेल, हिला तो वापरता येणार नाही.

मग घड्याळकाकांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "बरं." आणखी काही नाही.

२४ एप्रिल

प्रयोगशाळेत ताई मला ओलांडून गेली. मॅडम म्हणायचं राहूनच गेलं.

घरी नवरा म्हणाला, "पत्र पाठवायच्या आधी मला एकदा सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर ते संपादकांच्या आधी तिला पोचलं असतं."

 

३० एप्रिल

कंत्राट संपलं. खण रिकामा केला. स्फटिकाचा तुकडा प्रयोगशाळेचा, तो पावती करून परत दिला.

निघताना घड्याळकाकांचा फोन. केंद्रात नमुने वाढवायला आणि बसवायला माणूस हवाय, जागा कायमची. "तुमचं पत्र वाचलं. दर पाळीला कुणीतरी गोंद वापरतंच. कबूल कुणी करत नाही. सोमवारपर्यंत कळवा." मी विचारलं, पहिल्या नावाच्या पेपराचं काय? "आमच्याकडे तो नियम नाही," ते म्हणाले.

रस्त्यातच मला हसू फुटलं. फाटकातून पाय जवळजवळ पळत आत आले. चौदा वर्षांची सवय. चांगलं काही झालं की आधी त्याला, मग आईला, मग जगाला. त्याने दार उघडलं, हातात लेकीचा शाळेचा शर्ट, इस्त्री करत होता. माझ्या तोंडाकडे बघून तोही नकळत हसला.

"काय झालं? खूश दिसतेस."

"काही नाही," मी म्हटलं. "उन्हातून आले ना."